बाळंतीण भट्टी

एका राज्यात लोखंड मातीच्या भट्टीतून जन्माला येई, आणि तिथले लोक भट्टीला बाळंतीण मानत. पोट फोडून लोखंड काढलं की तिला लिंपायचं आणि सव्वा महिना निजू द्यायचं. डिंकाचे लाडू तेवढे कोणी देत नसे!

एकदा लढाई आली आणि राजाला तलवारींची घाई झाली. पाचव्याच दिवशी भट्टी पेटवा, असा हुकूम सुटला. भट्टीत लोखंड गाळणाऱ्या रुमाजी धावडाला नाही म्हणवेना. त्याने भात्यावर पाय ठेवला, भट्टी कण्हली आणि रुमाजी उभाच्या उभा लोखंडाचा झाला.

त्याची लेक साळू तेव्हा आठ वर्षांची होती. दहा वर्षं ती बापाच्या अंगावरचा गंज पुसत राहिली. बाप परत यावा, एवढंच तिचं मागणं होतं. शेवटी एका भारद्वाज पक्ष्याला दया आली. तो म्हणाला, "वारुळाची माती आण, चेटकिणीच्या घाण्याचं तेल आण, आणि जिने विसावा गमावला तिला तो राजाच्या हातून दे."

वारुळातल्या नागाने मातीच्या बदल्यात तिच्या आयुष्याची तीस वर्षं मागितली. तिने दिली आणि अठराची साळू तिथंच अठ्ठेचाळिशीची झाली. चेटकिणीने तेलासाठी केसांचा काळा रंग घेतला. मग साळूने भट्टी लिंपली, तिला तेल चोळलं आणि राजाकडे गेली.

"मी मातीची माफी मागू?" राजाने विचारलं.

"माफी नको, महाराज. सव्वा महिना दाराशी बसा. तिला कुणी उठवू नये."

राजा मनातून ओशाळलेलाच होता. तो येऊन बसला. सेनापती तलवारी मागायला आला, तर राजाने ओठांवर बोट ठेवून त्याला परत पाठवलं.

मुदत भरली तेव्हा भट्टीने झोपेत सुस्कारा टाकला. हिला आता कधीच उठवायचं नाही, असं राजाने जाहीर केलं. ती आजही रानात थंड उभी आहे. बाकीच्या भट्ट्यांना त्यानंतर कोणी घाई केली नाही.

त्या सुस्काऱ्यासरशी रुमाजीच्या अंगावरून लोखंड ओघळलं. समोर पांढऱ्या केसांची बाई पाहून तो गोंधळला.

"आक्का, माझी साळू इथंच खेळत होती. कुठं गेली?"

"लई लांब गेली होती, बाबा. आत्ताच आली."

रुमाजीने तिचे केस मागे सारले आणि कपाळ न्याहाळलं. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग सवयीने तो तिला कडेवर घ्यायला वाकला, आणि साळूने घेऊ दिलं.