चुन्याच्या उंबऱ्याची कहाणी

ऐका उंबऱ्याच्या माते, तुझी कहाणी. आटपाट नगराच्या वेशीबाहेर एक पत्र्याची शेड होती. शेडीत हजारो बॉयलर कोंबड्या. धनी भिवाजी, त्याची बायको सुगंधा.

एके दिवशी दारी म्हातारी आली. सुगंधेनं तिला पाणी दिलं, गूळ दिला. म्हणाली, "माय, मला काही वसा सांग." म्हातारी म्हणाली, "दाराशी घमेल्यात चुन्याचं पाणी ठेवावं, पाऊल बुडवून आत जावं. कोंबड्यांची एक बॅच विकून गेली की खाली अंथरलेलं भाताचं तूस खरवडून काढावं, भिंतींना चुना द्यावा, पंधरा दिवस शेड रिकामी ठेवावी. मग नवी पिलं आणावी. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको."

सुगंधेनं वसा घेतला. पिलं धडधाकट वाढली, घर भरलं.

मग भिवाजीला हाव सुटली. "पंधरा दिवस रिकामी? शेड आहे का सोवळ्यातली म्हातारी?" जुन्याच तुसावर नवं तूस पसरलं. वरून पिवळं, खालून काळं. पिलं आणली. चुन्याचं घमेलं वाळून गेलं.

मग काय झालं? पिलं पंख पाडून बसली, घरघरू लागली, शेपटांना पांढरी घाण चिकटली. एक दिवस औषध पाजलं, मेली. दुसऱ्या दिवशी दुप्पट पाजलं, मेली. तिसऱ्या दिवशी तिप्पट पाजलं, तरी मेली. रोग नसतानाही भिवाजी रोज तेच औषध पाजायचा, रोगाला त्याचं पाणी झालं होतं.

भिवाजी म्हणाला, "देवीचा कोप झाला. उरलेली आजारी पिलं जिवंत आहेत तोवर बाजारात काढतो."

सुगंधा उंबऱ्यावर आडवी बसली. "आपल्या ताटात घ्याल का? नाही ना? मग लोकांच्या पोराबाळांना वाढू नका!"

"ऊठ गं!"

"नाही उठत!"

तोच म्हातारी आली. ही उंबऱ्याची माताच, हे भिवाजीनं ओळखलं, पाया पडला, "माय, आत ये, कोप आवर." म्हातारी कडाडली, "पाय कशात बुडवू? घमेलं कोरडं! माझा कोप म्हणतोस? मी काय केलं रे? चल, त्या तुसावर पान मांड, पोटभर जेव."

भिवाजी आत बसला. पहिला घास घेतला, डोळे चुरचुरले. दुसरा घेतला, घसा जळला. तिसरा तोंडापर्यंत गेलाच नाही, पान टाकून बाहेर पळाला.

म्हातारी म्हणाली, "घटकाभर तुला बसवेना. त्यांनी जन्म काढायचा?"

भिवाजीची मान खाली गेली. "माय, मेलेली उठव."

"ती उठायची नाहीत. ती तुझी चूक, जन्मभर आठव."

मग भिवाजीनं खोल खड्डा खणला, मेलेली चुना घालून पुरली. आजारी होती ती बाजारात नेली नाहीत, शेडीबाहेर वेगळी ठेवली, ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं, तो म्हणाला तसं केलं. तूस खरवडलं, भिंती पांढऱ्या केल्या, पंधरा दिवस शेड रिकामी ठेवली. सोळाव्या दिवशी नवी पिलं आली. दाराशी चुन्याचं घमेलं, आधी भिवाजीचं पाऊल, मग सुगंधेचं.

जशी सुगंधेला उंबऱ्याची माता पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. मुक्या जिवांना घाणीत निजवून देवीला बोल लावायची बुद्धी कुणाला न होवो. साठ उत्तरं सांगायची होती, पाचांत आटोपली. कहाणी सुफळ, वसा संपूर्ण.