कवितेचा अर्थ

राजाने हौसेने नवा तलाव बांधला आणि त्याचं पाणी पिऊन गावात माणसं मरू लागली. वैद्याने हे तोंडावर सांगितलं, तर राजाने त्यालाच तळघरात कोंडलं.

सणाच्या दरबारात मात्र राजाला सत्यावरची एक जुनी कविता ऐकायची होती. कीर्तन करणाऱ्या म्हाळसाबाईंनी ती गायली.

"आता अर्थ सांगा," राजा म्हणाला.

"अर्थ सांगणारा तळघरात आहे, महाराज."

"तो खोटारडा आहे!"

बाईंनी आपला तांब्या पुढे केला. "हे त्याच तलावाचं पाणी. दोन घोट घ्या, मग मी दुसरा अर्थ सांगते."

राजाचा हात काही पुढे येईना.

बाईंनी तांब्या खाली ठेवला. "अर्थ सांगून झाला, महाराज."