दिवाणजींचा अर्ज सुपात

एका संस्थानात दिवाणजींनी राजाला अर्ज केला, की कुंभारआळीची विहीर लोकांना बंद करावी आणि तिचं पाणी आपल्या आमराईला द्यावं. अर्ज असा गोड होता, की ऐकताना राजाचे डोळे पाणावले. आळीला दुसरं पाणी नव्हतं. म्हणून कोठारात धान्य पाखडणारी भागाई कुंभारीण सूप घेऊनच दरबारात आली.

"महाराज, अर्ज पुन्हा वाचायला सांगा. मी पाखडून बघते."

कारकून वाचू लागला. "सर्व शहाण्यांना हे मान्यच आहे..."

"नाव एकाचंही नाही. फोलपट," म्हणत भागाईने रिकामं सूप झटकलं.

"वाडवडिलांच्या पुण्याईला स्मरून..."

"ही विहीर वाडवडिलांनीच खोदली. तेही फोलपट."

"उद्या एखादं लेकरू बुडालं तर..."

इथे तिचा हात थबकला. तिच्याही घरात लेकरं होती. मग ती हळूच म्हणाली, "ही नुसती भीती घातली. कठडा बांधला की लेकरं बुडत नाहीत."

शेवटी एवढंच उरलं, की आळीच्या विहिरीचं पाणी दिवाणजींच्या आमराईला द्यावं.

"म्हणजे एक दाणा तरी निघाला," राजा म्हणाला.

"निघाला महाराज," भागाईने सूप काखोटीला मारलं. "पण तो आमच्या शेतातला आहे."