शेवूने दिलेले तीन हंगाम

शेवूच्या आईच्या हातांना भेगा पडल्या होत्या. नदीच्या घाटावर बसून ती केवडा पेठेच्या फुटबॉल संघाचे कपडे धुवायची. मैदानाची तांबडी माती सोड्याशिवाय निघत नसे, आणि सोडा आईच्या बोटांत शिरे. भाकरी मोडताना आई हळूच "स्स" करायची. मग नऊ वर्षांची शेवू काही न बोलता भाकरी तुकडे करून तिच्या ताटात ठेवायची.

वडील नव्हते. पत्र्याची एकच खोली होती. पण दारातल्या दोरीवर संघाचे अकरा शर्ट वाळत पडले, की ती खोलीसुद्धा उजळायची. केवड्याच्या पानासारखे पिवळे, सोनसळी शर्ट! वारा आला की ते पोटं फुगवून नाचायचे. शेवूला वाटे, आकाशात एकच सूर्य आहे, आपल्या दारात अकरा.

हे अकरा सूर्य मैदानावर मात्र रोज मावळायचे. एकेकाळी केवडा पेठेच्या तालमीत, म्हणजे संघाच्या खेळमंडळात, चांदीचे चषक झळझळत. आता चषक काळे पडले होते आणि त्यांत कोळी राहत होते. चांगले खेळाडू दुसऱ्या पेठांना जाऊन मिळाले होते. उरलेल्या संघाला नवे प्रशिक्षक आले होते, गणपा वस्ताद. एका पायाने लंगडणारे, गळ्यात पितळी शिटी घालणारे.

"बाहेरून भाड्याचे खेळाडू आणायचे नाहीत," वस्ताद म्हणाले. "आपलीच पोरं घडवू. मला तीन हंगाम द्या."

तालमीच्या कट्ट्यावर पेठेतले मोठे लोक बसत. त्यांनी स्वतः कधी चेंडूला पाय लावला होता की नाही कोण जाणे, पण संघाचं सगळं तेच ठरवत. त्यांचे म्होरके आबा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "तीन हंगाम? तवर आमच्या गोवऱ्या मसणात जातील की, वस्ताद!"

कट्टा खो खो हसला.

या कट्ट्याने आणखी एक गोष्ट ठरवून टाकली होती. शेवू पहिल्यांदा सामना बघायला आली, त्या दिवशी संघाने सात गोल खाल्ले. झालं! गोलकीपर घाबरला होता, बचाव झोपला होता, याचं कुणालाच काही नव्हतं. कट्ट्याने बोट दाखवलं ते एका चिमुकल्या पोरीकडे.

"पनवती हाय ती," आबा म्हणाले. "ती बघाय लागली की संघ हरतोय."

मोठ्यांचं असंच असतं. चूक शोधायला ते नेहमी खाली वाकतात, आरशात बघत नाहीत.

फक्त गणपा वस्ताद म्हणाले, "ये गं बाळ, बस माझ्या खुर्चीशेजारी. बघणाऱ्यानं कुणी हरत नाही, न धावणाऱ्यानं हरतात."

त्या दिवसापासून शेवू वस्तादांसाठी काहीतरी करायचं शोधू लागली. मैदानावर एका गोलसमोरची जमीन उघडी बोडकी होती. तिथे पडलं की इरफानदादाची, म्हणजे गोलकीपरची, कोपरं सोलून निघत. शेवूने नदीकाठची हरळी उपटून आणली, एकेक कांडी तांबड्या मातीत लावली आणि रोज सकाळी डब्याने नदीचं पाणी घातलं. खेळणारे तुडवत, ती पुन्हा लावी. होता होता तिथे हिरव्या मखमलीचा इवलासा रुमाल उमटला.

थंडीतल्या एका सकाळी त्या हिरव्या रुमालावर दवाचे तीनच थेंब होते, पण केवढे! एक गुलाबी, एक निळा, एक सोनेरी. आणि त्यांच्यामध्ये गवताच्या पात्यावर बोटभर उंचीची एक परी झोके घेत होती. तिचा झगा पोपटी होता, पंख नाकतोड्यासारखे पारदर्शी, आणि केसांत हरळीचा तुरा.

"मी हरळीपरी," ती किणकिणली. "तुडवलं तरी उगवते ती मी. तू मला घर दिलंस, शेवू. हे तीन थेंब तुझे. तीन गोष्टी माग."

"काहीपण?"

"नाही गं, चिमणे. गोल मागायचा नाही, विजय मागायचा नाही. ते ज्याचे त्याने धावून मिळवायचे. स्वतःसाठी मागायचं नाही. कुणाला सांगायचं नाही. आणि जे मागशील, तेवढंच तुझ्याजवळचं द्यावं लागेल."

शेवूने विचारही केला नाही. "आईचे हात बरे कर."

"मग तुझे मऊ हात दे."

गुलाबी थेंब विरला. घाटावर आई आपले तळवे उलटेपालटे करून बघत राहिली. ते कमळाच्या पाकळीसारखे नितळ झाले होते. शेवूने आपले हात परकराच्या घोळात लपवले. त्यांना बारीक बारीक भेगा पडल्या होत्या. त्या दिवशी जेवताना शेवूने "स्स" केलं नाही. ओठ चावून धरला.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात केवडा पेठ तीन गोलांनी हरली. मैदानावर चपला पडल्या. कट्टा ओरडला, "वस्ताद, शिटी खाली ठेवा!" उद्या दुपारी तालमीत बैठक होणार आणि वस्तादांना घालवणार, हे लहान पोरालाही कळलं. पेठेतली जी वीस पोरं रोज पहाटे उठून धावायला लागली होती, ती मैदानाच्या कडेला माना खाली घालून बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेवू हरळीपाशी धावली.

"परी गं, वस्तादांना वेळ दे. त्यांना हवे आहेत तेवढे तीन हंगाम."

परीने झोका थांबवला. "वेळ माझ्याकडे नसतो, शेवू. तो कुणाकडून तरी घ्यावा लागतो. त्यांना तीन हंगाम हवे असतील, तर तुझे तीन हंगाम दे. या तीन हंगामांत तू संघाचा एकही सामना बघायचा नाहीस. कुंपणावरून नाही, फटीतूनही नाही."

 शेवूजवळ दुसरं होतंच काय? खेळणी नव्हती, नवा परकर नव्हता. सामना होता. आणि लगेच तिच्या मनात दुसरी गोष्ट आली.

"पण परी, मी बघायची थांबले आणि संघ जिंकू लागला, तर सगळे म्हणतील, बघा, खरंच पनवती होती."

"म्हणतील," परी हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत राईएवढं पाणी चमकलं. "आणि तुला सांगता येणार नाही."

शेवूने गवतावरून एकदा हात फिरवला. मग तिने होकाराची मान हलवली. निळा थेंब विरला.

दुपारी आबा तालमीत उभे राहिले, खाकरले आणि "वस्ताद, निघा आता" असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तोंडातून आलं, "वस्ताद, तीन हंगाम घ्या!" आबांनी दचकून स्वतःच्या मिशा चाचपल्या. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच. पण शब्द गेला तो गेला. पेठेत दिलेला शब्द कुणी परत घेत नसे.

त्यानंतर प्रत्येक सामन्याला शेवू मैदानाच्या दगडी भिंतीबाहेर बसू लागली, भिंतीला पाठ लावून. ती फक्त ऐके. हळूहळू तिच्या कानांना डोळे फुटले. बुटाच्या टोकाने मारलेला चेंडू कसा वाजतो, पायाच्या आतल्या बाजूने कसा, खांबाला लागला की कसा टण्ण होतो, जाळीत गेला की कसा फस्स्... सगळं तिला कळू लागलं.

एकदा वस्ताद लंगडत बाहेर आले. "आत का येत नाहीस, बाळ? आबा काही बोलले का?"

शेवूने मान हलवली. "नाही, वस्ताद. मी येत नाही एवढंच."

वस्तादांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या भेगाळलेल्या हातांकडे बघितलं आणि जास्त विचारलं नाही. पण तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी ते भिंतीपाशी येत आणि तिला अकरा नावं सांगत. "गोलात इरफान. उजवीकडं पांडबा, जरा घाबरलाय, पण धावेल." जणू संघ तिला विचारूनच उतरवायचा होता.

पहिल्या हंगामात संघ जेमतेम तगला. दुसऱ्यात जिंकू लागला. पेठेत पिवळे झेंडे फडफडले, हलगी घुमू लागली. आणि कट्ट्यावरून आबांचा आवाज आला, "बघा, म्या सांगितलं नव्हतं? पनवती भाईर गेली, संघ सुधारला!"

नळावर बायकासुद्धा तेच बोलल्या. आई भरल्या घागरी तिथेच सोडून घरी आली. शेवूने गुडघ्यांत तोंड खुपसलं. एक शब्द बोलली असती तर सगळं मिटलं असतं. ती बोलली नाही.

तिसऱ्या हंगामात केवडा पेठ दुसरी आली. हंगामात वर आलेले दोन संघ पाडव्यानंतर मोठ्या चषकासाठी खेळत. म्हणजे केवडा पेठ आणि डोंगरी पेठ! शेवूचे तीन हंगाम संपले होते. आता ती बघू शकणार होती. तिने दिवस मोजले. सात, सहा, पाच.

चार दिवस उरले तेव्हा गणपा वस्ताद गेले. त्यांना वर्षभर खोकला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तेही गप्प राहणारेच होते.

त्या सकाळी शेवू हरळीत पालथी पडून रडली. "मी तीनच का मागितले गं? दहा का नाही?"

परी तिच्या ओल्या गालाला टेकून बसली. "तू मैदानावरचे हंगाम दिलेस, सोनुले. आयुष्य कुणी कुणाला देऊ शकत नाही. त्यांना ही तीन वर्षं घरात बसून काढावी लागली असती. ती त्यांनी शिटी वाजवत काढली."

नवव्या वर्षी सामने सोडलेली शेवू बाराव्या वर्षी पहिल्यांदा पुन्हा सामन्याच्या दिवशी फाटकातून आत आली. रोज सकाळी बघितलेलं मैदान आज तिला केवढं हिरवं दिसलं! वस्तादांची खुर्ची रिकामी होती. त्यावर त्यांची टोपी ठेवली होती. शेवू खुर्चीशेजारी गवतात बसली.

पूर्वार्धातच डोंगरी पेठेने गोल केला. आबा गर्दीतून तरातरा आले.

"ए पोरी! आजच यायचं होतं व्हय तुला? जा की घरला!"

गोलातून इरफानदादा धावत आला. त्याने हातमोज्यातून पितळी शिटी काढली आणि शेवूच्या गळ्यात घातली.

"वस्तादांनी दिली होती, भिंतीपाशी बसणाऱ्या पोरीला द्यायला. म्हणाले, ती का बाहेर बसते मला ठाऊक नाही, पण आमच्यासाठीच बसते." मग तो आबांकडे वळला. "ही इथंच बसणार, आबा. नाहीतर हे हातमोजे घ्या आणि तुम्ही उभे राहा गोलात."

आबा उभे राहिले नाहीत. ते मागे जाऊन बसले.

खेळ पुन्हा सुरू झाला. शेवू डोळे फाडफाडून बघत होती. पांडबा उजवीकडून सुसाट सुटला, पिवळा शर्ट उन्हात लखलखला, चेंडू कमानीसारखा वळला आणि जाळीत! शेवूच्या डोळ्यांदेखत बरोबरी झाली. आबांनी हळूच तिच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

आता शेवटचं एक मिनिट उरलं. भर उन्हात शेवूच्या पायापाशी सोनेरी थेंब लुकलुकला.

"वस्तादांना बघू दे," शेवू कुजबुजली.

"मग तुझ्याजवळचं हे मिनिट दे," परीचा आवाज किणकिणला.

तीन वर्षं वाट बघितलेल्या त्या सामन्याचं शेवटचं मिनिट. शेवूने खुर्चीकडे एकदा बघितलं आणि डोळे घट्ट मिटले.

तिने ऐकलं. इरफानचा लांब फटका. छातीवर घेतलेला चेंडू, धप्प. दोन छोटे पास, पायाच्या आतल्या बाजूने. मग बुटाच्या टोकाचा आवाज. टण्ण, खांब! आणि, फस्स्...

मैदान फुटलं. हलग्या कडाडल्या. शेवूने डोळे उघडले तेव्हा हरळीपरी हवेत वर वर जात होती, पोपटी, मग सोनेरी, मग नुसता उजेड. तो उजेड सगळ्या मैदानावर सांडला आणि मुरून गेला. शेवूच्या हातांच्या भेगा मिटल्या होत्या. तिच्या शेजारचं गवत मात्र दबलेलं होतं, एका पायाने लंगडणारं कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं.

आबा जवळ आले. त्यांच्या मिशा ओल्या होत्या.

"पोरी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चुकलो म्या. लई चुकलो. डोळ्यांत पाणी आलं, गोल दिसलाच न्हाई बघ. कसा झाला गं?"

शेवू रिकाम्या खुर्चीला टेकली आणि वस्ताद सांगत तसं, एकेक नाव घेत, तिने आबांना तो न बघितलेला गोल सांगितला. सगळा, अगदी खांबासकट.

आता केवडा पेठेतले खेळाडू आपापले कपडे स्वतः धुतात. आई फक्त शेवूचा शर्ट धुते. पहाटे मैदानावर शेवूची पितळी शिटी वाजते, आणि तिच्या मागे पेठेतल्या मुली धावतात. गोलसमोर हरळी हिरवीगार आहे. तिथे रोज दव पडतं, साधंच, पांढरं. तरी शेवू थेंब मोजते.