पडवीतले विमान

समुद्रापासून फार दूर, कौलारू घरांच्या एका गावात जनार्दन नावाचा शिंपी राहत होता, आणि त्याच्या पडवीत एक मोठे प्रवासी विमान होते.

विमान म्हणजे एक कंप्युटर, एक रुंद पडदा आणि टेबलाला घट्ट बसवलेला दांडा. पण पडद्यावर ढग आले की पडवी उरत नसे. शिलाई मशीन, कापडाचे तागे, दारातली चपलांची रास, सगळे खाली राहून जाई. विमान आपोआप नेणारी एक कळ त्यात होती, पण जनार्दन तिच्या वाटेला जात नसे. तो हाताने उडवी. मोठे विमान जड असते. दांडा वळवला तरी ते लगेच वळत नाही. झोपेत कूस बदलावी तसे सावकाश एका पंखावर कलते. ते कलण्याची वाट पाहणे त्याला फार आवडे.

शेजारच्या खुर्चीत त्याची थोरली बहीण अक्का बसे. अक्काची नजर गेली होती. ती मांडीवर शाल घेऊन इंजिनांचा घुमणारा आवाज ऐकत राही.

"खाली काय आहे रे, जना?"

"ढग आहेत. गादीचा कापूस पिंजून पसरलाय जसा काही."

"मग हळू चालव. उडेल तो."

असे दोघे रोज दुपारी आकाशात जात. जनार्दन नद्या सांगे, बर्फाचे डोंगर सांगे, आणि अक्का मान हलवत ते सगळे पाही.

उतरणे मात्र जनार्दनला जमत नसे. पण त्याच्याजवळ आणखी एक कळ होती. विमान वाकडे जाऊ लागले की जमिनीला टेकण्याआधीच तो ती दाबी. लगेच घडलेले पुसले जाई आणि विमान पुन्हा उंच, शांत आकाशात असे. मग तो दुसऱ्यांदा खाली येई, तिसऱ्यांदा येई. एखादी खेप साधली की म्हणे, "उतरलो, अक्का."

"आज फार वेळ लागला रे."

"खाली विमानांची रांग होती."

"आपल्या नळावर असते तशी?" अक्का विचारी, आणि जनार्दन हसून विषय बदली.

एकदा अक्काच्या लेकीचा, नलूचा, दूरच्या शहरातून फोन आला. तिथल्या डॉक्टरांनी अक्काचे कागद पाहिले होते. ऑपरेशन लवकर केले तर एका डोळ्याला थोडे दिसू लागेल, असे ते म्हणत होते. आगगाडीचा दोन रात्रींचा प्रवास अक्काच्या पाठीला झेपणारा नव्हता. विमानानेच जावे लागणार होते.

"मी नाही जायची," अक्का म्हणाली.

"अगं, रोज उडतेस माझ्याबरोबर! कधी धक्का तरी लागलाय का?"

अक्काने मांडीवरची शाल जवळ ओढली. मग म्हणाली, "उद्या सोसाट्याच्या वाऱ्यात उतरवून दाखव. मग सांगते."

दुसऱ्या दिवशी जनार्दनने पडद्यावरच्या आकाशात जोराचा वारा सोडला. शेजारच्या शेवंताबाई पावट्याच्या शेंगा घेऊन सोलत सोलत बघायला बसल्या. विमान ढगांतून खाली आले. धावपट्टी दिसली, डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. जनार्दनने दांडा ओढला. विमानाने उशिरा ऐकले आणि मग जरा जास्तच ऐकले.

"जनार्दनभाऊ, रस्ता तिकडे राहिला हो!" शेवंताबाई ओरडल्या. "शेतात उतरवताय की काय?"

जनार्दनचे बोट त्या पुसणाऱ्या कळेवर गेले. अक्काला काही दिसणार नव्हते. शेवंताबाईंना कळेचे काही कळणार नव्हते. एवढ्यात त्याचे लक्ष अक्काच्या हाताकडे गेले. तिने खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटे पांढरी पडली होती. उतरताना ती रोजच अशी बसत असेल का? तो रोज पडद्याकडे बघत असे. तिच्याकडे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

त्याने बोट काढून घेतले. इंजिनांचा जोर वाढवला आणि विमानाचे नाक हळूच उचलले. शेते, पट्टी, झाडे खाली पडत गेली.

"अक्का, चुकलं माझं. पट्टी बाजूला राहिली. मी पुन्हा वर चाललोय."

"वर जाता येतं?"

"येतं. खरे वैमानिकही जातात. गोल फिरून परत येतात."

"मग इतके दिवस काय करत होतास?"

जनार्दनचा आवाज बारीक झाला. "चूक पुसत होतो. तुला कळू नये म्हणून."

"आवाज मधेच तुटायचा, जना. मग तू रांगेचं सांगायचास. मला वाटायचं, खाली असं काहीतरी भयंकर होतंय की माझ्या भावाला ते सांगवत नाही."

 शेवंताबाईंचे हात शेंगांवरच थांबले. विमान उन्हात न्हालेल्या ढगांना वळसा घालत राहिले, आणि अक्काची बोटे एकेक करून सैल झाली.

मग ते पुन्हा खाली आले. वारा तसाच होता. जनार्दन या वेळी दांडा थोडासाच हलवी आणि विमानाच्या उत्तराची वाट पाही. पट्टी जवळ आली, रुंद झाली, आणि धप्पकन मोठा आवाज झाला.

"हे काय होतं?" अक्का दचकली.

"टेकलो. जरा जोरातच टेकलो."

"असू दे. कंबर शाबूत आहे." अक्का मोठ्याने हसली. मग शाल सारखी करत म्हणाली, "नलूला फोन लाव. म्हणावं, जातानाची जागा कुठलीही चालेल. येतानाची मात्र खिडकीजवळची घे."

तात्पर्य: आपल्या भरवशावर बसलेल्या माणसाला चूक लपवून धीर देता येत नाही; चूक सांगून ती सुधारायला लागलो की त्याला आपोआप धीर येतो.