मडक्याची जागा

मोरकुंडीच्या जहागीरदारांना झपाट्यानं गोळ्या झाडायची भारी हौस. चाप दाबून धरायचा आणि डाव्या तळव्यानं रिव्हॉल्वरचा घोडा सपासप मागे मारायचा; डोळ्याचं पातं लवेपर्यंत सहा गोळ्या. गेल्या दसऱ्याला याच खेळात तबेल्यातला मोतद्दार मेला, तरी दरबारानं टाळ्याच वाजवल्या.

आजही सहा बार झाले. भिंतीची चाळण झाली, निशाणाचं मडकं मात्र शाबूत!

"घोडा तूच दुरुस्त केलास ना, बाबालाल शिकलगार?" जहागीरदार कडाडले. "आता मडक्याच्या जागी तूच उभा राहा."

बाबालालनं मडकं बाजूला ठेवलं, तिथं उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "मेहरबानी, सरकार. सगळ्या आवारात गोळी न लागणारी हीच एक जागा आहे."

कुणी हसलं नाही. जहागीरदार पुन्हा गोळ्या भरू लागले, तसे म्हातारे कारभारी उठले आणि बाबालालच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागं सगळा दरबार.