कापराचा चोर

"मग कापूर गेला कुठे?"

दर्याजीराव सरदार पुन्हा पुन्हा हेच विचारत होते. हमाल गोंदा गुडघ्यांवर बसला होता. शेजारी शिपाई तलवार उपसून उभा. चोराचा हात तोडायचा, असा हुकूम झाला होता.

हे सगळं लतीफशा फकिराच्या झोपडीपुढे.

सरदार आले होते गुरुमंत्र घ्यायला. नजराणा म्हणून भीमसेनी कापूर, तोही चांदीच्या जाळीदार डबीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना कधी पटलंच नव्हतं. ऐन वैशाखात गोंदानं डबी डोक्यावरून आणली. इथे उघडली तर आत नुसता वास.

गोंदा म्हणाला, "सरकार, डबी मी खाली ठेवली नाही. गावोगावची माणसं वास आला की दारात येऊन उभी राहायची, तेवढंच."

लतीफशांनी डबी नाकाशी धरली. खूश झाले.

"कापरात मिरी नव्हती घातली?"

घातली होती, पण सरदारांनीच ती वेचून काढायला लावली होती. शुभ्र नजराण्यात काळे दाणे त्यांना खपले नाहीत.

"जाळीच्या डबीत, बिनमिऱ्याचा कापूर... या उन्हात उडायचा राहतो होय?"

सरदारांना कळलं. पण दिलेला हुकूम मागे घेणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता, तरी शिक्षा ठरलेली.

त्यांनी शिपायाला खूण केली.

लतीफशा उठले, गोंदाच्या हातावर आपला हात ठेवून बसले.

"कापूर माझ्यासाठी होता ना?"

"होय."

"म्हणजे चोरी झाली ती माझी. माझी फिर्याद नाही."

"शाजी, हात काढा."

"नाही काढत."

"मी सरदार आहे."

"दिसतंय."

...

शिपाई सरदारांकडे बघत राहिला. फकिराचा हात हलला नाही. शेवटी सरदारांनी मान वळवली आणि तलवार म्यानात गेली. गोंदा रडायला लागला. ही गोष्ट सांगताना मला त्या फकिराचा अजून हेवा वाटतो.

सरदार खालच्या आवाजात म्हणाले, "नजराणा तर गेला. आता मंत्र कशाच्या बळावर मागू?"

"जन्मात एकदा गावोगाव न मोजता दान केलंत, सरदार... आणि त्याचाच चोर शोधत बसलात."